तामियाचा वारा आणि मंडपाचं तोंड

प्रिय सुमेध,

फोन तू उचलणार नाहीस, म्हणून कागद घेतला. मंडप-बिछायतीच्या गोदामात गाद्यांच्या थप्पीवर बसून लिहितो आहे आणि एवढ्यात तीनदा उठून आलो. काम काहीच नाही, नुसतं बूड टेकत नाही.

झालंय असं, की आपल्या दहावीच्या बॅचने डिसेंबरात तामियाच्या पठारावर दोन दिवस तंबूत मुक्काम करायचं ठरवलं आहे. केतकीने ग्रुपवर टाकलं आणि अर्ध्या तासात चौदा जण तयार झाले, वर त्यांची सहा लेकरं. गाडी आणि स्वयंपाकाचं सामान वैभवकडे. तंबूचा विषय निघाला तसे सगळे म्हणाले, योगेशची बिछायत असताना भाड्याचे तंबू कशाला. पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत इतक्या लग्नांचे मंडप घातलेला माणूस मी. हरभऱ्याच्या झाडावर चढलो आणि हो म्हणून बसलो.

मागच्या रविवारी मी आणि वैभव एक तंबू लावून पाहायला वर गेलो. जागा अशी, की समोर कडा तुटतो आणि खाली दरीभर जंगल. माझी सवय तुला ठाऊक आहे. मंडपाचं तोंड रस्त्याकडे, म्हणजे येणाऱ्याला थाट दिसतो. तिथे रस्ता नव्हता, तर मी तोंड दरीकडे केलं, फोटो चांगले येतील म्हणून. बाकी तिन्ही बाजूंना कनातींचे पडदे घट्ट आवळले. चार वाजता दरीतून वारा वर चढला, तोंडातून आत शिरला आणि त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. तंबू फुगला, दोन खुंट्या उपटून वैभवच्या कानाजवळून गेल्या. तो खाली बसूनच म्हणाला, "काय करून राहिला बे, यात लेकरं झोपणार हायत ना?"

तेव्हापासून चैन नाही. दिवसातून दहादा मोबाइलवर तामियाचा वारा पाहतो. अमृता म्हणते, जेवताना तरी ताटात पाहा. बायकोचं खरं आहे, पण नजर पुन्हा मोबाइलवरच जाते. तंबू लावतो म्हणावं तर त्या उपटलेल्या खुंट्या दिसतात, नाही म्हणावं तर कारण सांगावं लागतं.

तू असतास तर आधी चिमूटभर माती उडवून पाहिली असतीस. गिऱ्हाईक खोळंबो की ओरडो, वारा कळल्याशिवाय तू खड्डा घेऊ द्यायचा नाहीस. धंद्याचं डोकं तुझं होतं, पाटीवर नाव तेवढं माझं. आता बोरगावच्या कंपनीत गेटवर बसतोस. डावा खांदा अजून वर जात नाही, असं तुझी बायको सोनाली बाजारात अमृताला म्हणाली. मी ऐकलं आणि विषय बदलला.

तू त्या ग्रुपवर नाहीस, म्हणून परवा मी तिथे लिहिलं, सुमेधला विचारू या. वैभवचं उत्तर आलं, "नको बे, रामाकोन्याले त्याचीच गाठ सुटली होती ना." मी मोबाइल पालथा ठेवला.

म्हणून हे पत्र. रामाकोन्याच्या त्या लग्नात तू सांगत होतास, वारा रस्त्याकडून आहे, तोंड फिरव. मुलीच्या बापाला थाट हवा होता आणि मी त्याचं ऐकलं. तरी तू मोठ्या खांबाचा दोर तुझ्या हाताने पक्का बांधलास. बँडची गाडी आत घ्यायला तो दोर मी सोडला आणि घाईत मीच पुन्हा बांधला. वाऱ्यात ती गाठ सुटून खांब कोसळला तेव्हा खाली तू होतास. दवाखान्यात लोकांनी विचारलं तेव्हा, सुमेधची गाठ सुटली, असं मी म्हणालो. तू आत खाटेवर पडून ऐकत होतास, मला दारातून दिसत होतं. नऊ वर्षं झाली, तू एका शब्दाने विचारलं नाहीस, आणि त्याचीच मला जास्त लाज वाटते. वैभव आता येईल. त्याला समोर बसवून हे पत्र वाचायला देणार आहे, मगच तो ते तुझ्याकडे आणील. तंबू लावायला ये, असं म्हणायचा मला हक्क नाही. बाकीच्यांना मी स्वतः सांगेन, आजच. गाठ माझी होती, सुमेध.

तुझाच, तू मानलंस तर,
योगेश