आईने नाही म्हटलं

प्रिय ताई,

आज तुझा नवरा चर्चमध्ये आला होता.

उपासना सुरू झाल्यावर एक अनोळखी पाहुणा आमच्याच बाकावर येऊन बसला. जुनी चर्चं बघत फिरतोय, म्हणाला. शांतीचं अभिवादन करताना मी त्याचा हात हातात घेतला, तेव्हाही मला काही कळलं नाही. शेवटचं गीत संपल्यावर त्याने खिशातून तुझा फोटो काढून आईला दाखवला. "ही माझी बायको. दोन वर्षं झाली, घर सोडून गेलीय. तिच्या प्रार्थनापुस्तकावर या चर्चचा शिक्का आहे."

तू परस्पर लग्न केलंस, त्याला माहेरचा पत्ता लागू दिला नाहीस, ते बरंच झालं. पण फोटो आईच्या हातात गेला होता, आणि आई भाजीवाल्याशीसुद्धा कधी खोटं बोललेली नाही.

तिने चष्मा पुसून फोटो नीट पाहिला. "नाही बाबा. ही आमच्यातली नाही."

"नक्की?"

"साठ वर्षं येतेय मी इथे. मला विचारतोस?"

"मग उद्या पाळकांकडे बाप्तिस्म्याची नोंदवही बघतो," असं म्हणून तो गेला.

घरी आल्यावर आई चपला न काढताच कॉटवर बसली. "मानेवरचा भाजल्याचा डाग बघितलास? आपल्याकडून गेली तेव्हा नव्हता गं."

तो पोस्टासमोरच्या लॉजमध्ये उतरलाय, म्हणून हे पत्र मी टाकणार नाही. आत्ता पाळकांकडे निघालेय. आई म्हणते, "थांब, मीही येते."

तुझी धाकटी