शिक्षकाचा वाटा

काष्टी, मंगळवार, संध्याकाळ

माझ्या वर्गातली पन्नास मुलं एका सुरात कविता म्हणायची आणि शेवटचं अक्षर लांबवायची. तो आवाज आज दिवसभर कानात होता.

सून सुनंदा संख्याशास्त्र शिकवते. मुलामुलांच्या वाचनात जो फरक पडतो, त्यात शिक्षकाचा वाटा किती, हे ती मोजते आहे. गेल्या आठवड्यात सॉफ्टवेअरनं एक आकडा दिला, चांगला भरघोस. मी तो गावभर सांगत सुटलो. कशाला सांगितलं?

आज म्हणाली, "अण्णा, तो नुसता अंदाज होता. खरा वाटा कुठपासून कुठपर्यंत असू शकतो, ते आज काढलं. खालचं टोक शून्यावर आलंय."

"म्हणजे शिक्षक असून नसून सारखाच?"

"तसं नाही हो. वाटा खूप मोठाही असेल. अभ्यासाला शिक्षक सहाच मिळाले, मग पल्ला रुंद येणारच."

वरचं टोक तिनं दोनदा सांगितलं. मला मात्र ते शून्यच दिसतंय. चौतीस वर्षं मराठी शिकवून घसा कोरडा केला, तो काय...

इतकं लिहिलं आणि कडी वाजली. दारात पिकल्या मिशांचा एक अनोळखी गृहस्थ.

"वळखलं का गुर्जी? तुमचा इद्यार्थी. तुमच्यामुळंच घडलो बगा."

मी अधाशासारखं विचारलं, "कुठली कविता आठवते?"

"कविता? गनित शिकवायचा न्हवं तुमी?"