खंडेनवमीची मोडकी पट्टी

प्रिय दादा,

इराचा पाय सरळ झाला, म्हणून काल तिच्या गुडघ्यातली धातूची पट्टी काढली. डॉक्टरांनी ती स्वच्छ करून, डबीत घालून माझ्या हातात दिली. अख्खी आहे रे! दोन्ही स्क्रूसुद्धा. सगळ्यात आधी तुला सांगावं म्हणून फोन उचलला, आणि मग आठवलं. म्हणून हे पत्र.

तू गेलास तेव्हा माझी ही नात नुकती उभी राहू लागली होती. पुढे चालताना तिचा एक गुडघा आत वळून दुसऱ्यावर घासू लागला. डॉक्टर म्हणाले, "आतल्या बाजूला छोटी पट्टी बसवू. तिथली वाढ रोखली जाईल, बाहेरची बाजू वाढेल आणि पाय हळूहळू सरळ होईल. जखम भरली की खेळू द्या तिला."

खेळू द्या! त्यांना काय ठाऊक, मी कोणाची बहीण ते?

खोपोलीच्या कारखान्यात तू अशाच पट्ट्या मोडायचास. मशीनमध्ये धरून पुन्हा पुन्हा वाकवायच्या, तुटेपर्यंत. "वाढत्या हाडाला कमी समजू नकोस, बेबी. ते स्क्रूलाही वाकवतं," म्हणायचास.

आणि आपली खंडेनवमी आठवते? शेजारी टेंपो पुजायचे, शिलाई मशीन पुजायचे. तू पाटावर मोडकी पट्टी ठेवायचास!

"अरे, खंडित वस्तू पुजतात का कुठे?" आई कडाडायची.

"आई, कुठवर दम आहे ते हिनंच सांगितलं मला."

"मग कारखान्यातच बसव तिला मखरात!" असं म्हणून झेंडूचं फूल मात्र तीच वाहायची.

इरानं उडी मारली, की ती पट्टीच माझ्या डोळ्यांसमोर यायची. "इरा, हळू!" दहिवलीहून भाजी आणणाऱ्या सुमनताई हसायच्या, "पोरगी हाय का काचंचं भांडं? पळू दे की गं तिला!"

एक दिवस इरा पायरीवर गप्प बसली होती. काय करतेस, विचारलं तर म्हणाली, "आजी, मी मनातल्या मनात पळते आहे."

दादा, मला रडू आवरेना.

तेव्हा तुझं बोलणं आठवलं. "एवढ्या मोडतात, तर मुलांच्या पायात घालतातच कशाला?" असं मी एकदा विचारलं होतं. तू हसलास. "शहाण्या बाई, मी इथे मोडतो, म्हणून तिथे मोडत नाहीत."

त्याच संध्याकाळी तिला नदीकाठच्या मैदानात सोडलं. ती धावत सुटली, पण मी हाक मारली नाही.

तू मला नुसत्या मोडक्याच का रे दाखवल्यास? एखादी टिकलेली दाखवायची होतीस! पण तुला तरी कुठे बघायला मिळाली? टिकलेल्या पट्ट्या कारखान्यात परत येत नाहीत.

ही आली आहे. या खंडेनवमीला तुझ्या जपून ठेवलेल्या मोडक्या पट्टीशेजारी ही अख्खी ठेवीन. झेंडू आणायला इरा जाईल, पळत. आणि मी तिला हळू म्हणणार नाही. शब्द देते.

तुझी,
बेबी