बॅगेतली धूळ

सोमवार, ३ फेब्रुवारी

हरले. तिसऱ्या फेरीत शिंक आली, डोळे मिटले — तेवढ्यात त्या डावखुरीने जबड्यावर ठेवून दिली! तोंडात रक्त, नाकात शेंबूड, आणि बाकांवर हशा. पडले म्हणून नाही हसले कोणी, शिंकले म्हणून हसले.

सर टॉवेल फेकत म्हणाले, "नाक चोंदलं की तू तोंड उघडतेस. उघड्या तोंडावर ठोसा बसला की जबडा निखळतो. महिनाअखेर निवड आहे. नाकाचं बघ, नाहीतर तुझं नाव देणार नाही."

क्लबात मला तोटी म्हणतात. आज एकीची कॉलर धरली. "अगं, गळतेस म्हणून तर!" म्हणाली. सोडून दिली. खरंच गळत होते.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

नाकाच्या डॉक्टरीणबाई. पोलिसासारखी उलटतपासणी! "शिंका कधी? उठल्या उठल्या? नाक-डोळे खाजतात? ताप?" ताप नाही. "ठरावीक ऋतूत की वर्षभर?" वर्षभर. "बाहेरगावी शिबिराला गेलीस तेव्हा?"

थबकलेच. शिबिरात एक शिंक नव्हती!

"मग बाहेरचे परागकण नसावेत. चोर घरातच आहे." धुळीतले डोळ्यांना न दिसणारे किडे, बुरशी, झुरळं, मांजर — चौघांवर संशय. हातावर टोचून चाचणी करायची. तोवर सर्दीच्या गोळ्या बंद, नाहीतर चाचणी खोटी येते.

बुधवार, ५ फेब्रुवारी

गोळी नाही. शिंकून शिंकून बरगड्या दुखतायत. आई म्हणाली, "त्या बोक्यामुळेच. मी कधीची सांगतेय."

बोक्याला मानगूट धरून पोत्यात कोंबला. त्याने माझं मनगट फाडलं. बाजारापलीकडे सोडून आले. येताना रडले, आणि रडल्यावर नाक आणखी चोंदलं.

शनिवार, ८ फेब्रुवारी

कोणीतरी तोंडावर उशी दाबून बसल्यासारखं वाटतं. राग बॅगेवर काढला. मागच्या खोलीतली ही बॅग आईनेच शिवलेली — ट्रकच्या ताडपत्र्या शिवते ती, तिचा टाका उसवणं सोपं नाही. मी मुष्टियुद्ध सुरू केलं तेव्हा आत चिंध्या भरून दिली होती. रोज संध्याकाळी मी मारते आणि ती दाराशी स्टूल टाकून बसते. "आणखी जोरात! पोटात हाण!" कुठली आई अशी असते? मला फार अभिमान आहे तिचा.

आज मारता मारता शिंका सुरू झाल्या त्या थांबेनात. टॉवेलावर रक्त आलं.

बुधवार, १२ फेब्रुवारी

चाचणी. हातावर थेंबांची रांग, प्रत्येकावर टोचणी. थोड्या वेळाने धुळीच्या किड्यांचा थेंब पित्ताच्या गांधीसारखा टरारून फुगला. बुरशीचाही. झुरळ नाही. मांजर — काही नाही! निर्दोष बोक्याला मी हद्दपार केलं.

बाई म्हणाल्या, "नुसत्या गाठीवर जाऊ नकोस. काय हलवलं, कुठे गेलं की त्रास वाढतो ते बघ. जुने कपडे, गाद्या, उशा, ओल आलेली भिंत — तिथे शोध."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

युद्ध पुकारलं. चादरी, अभ्रे कढत पाण्यात. सतरंजी घराबाहेर. तोंडाला फडकं बांधून गादी उन्हात झोडपली. शेजारीण म्हणाली, "गादीने काय घोडं मारलंय गं तुझं?"

बोका परत आला. कान फाटलाय. माझ्याकडे बघतसुद्धा नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

सकाळी शिंक नाही!

संध्याकाळी बॅगेला पहिला ठोसा — आणि शिवणीतून धुळीचा लोट. खिडकीच्या उजेडात स्पष्ट दिसला. दुसरा ठोसा, आणि शिंकांवर शिंका. मागची भिंत पाझरते, बॅग तिला टेकलेली. सापडला चोर! रोज त्यालाच मिठ्या मारत होते मी.

आईला म्हटलं, फाडते. ती किंचाळली — "हात लावून तर बघ!" आणि मला ढकललं. आयुष्यात पहिल्यांदा. भिंतीवर डोकं आपटलं माझं. एका बॅगेसाठी?

सोमवार, १७ फेब्रुवारी

आई कामावर गेल्यावर तिचीच सुरी घेतली आणि बॅगेचं पोट फाडलं.

आत चिंध्या नव्हत्या. शर्ट होते. विजारी होत्या. आणि काळा कोट — फोटोतला. बाबांचा! मी बालवाडीत असताना गेले ते. सगळे त्यांना देवमाणूस म्हणतात. कपडे कुठे गेले विचारलं की आई म्हणायची, "देऊन टाकले." हे बघा कुठे दिले! बुरशीने काळे पडलेले, माझ्या ठोशांनी विरलेले.

ती आल्यावर कोट तिच्या अंगावर फेकला. "बापाला मारायला लावलंस मला? रोज?" ती खाली बसली. कोट उचलला नाही. मी आरशावर ठोसा मारला. बोटं फाटली, टाके पडले. नाक मोकळं झालं आणि हात गेला. निवडही गेली.

बुधवार, १९ फेब्रुवारी

आईने माझी पट्टी बदलली. मग स्वतःची बाही वर सारली. दंडभर भाजल्याचे जुने वण. "इस्त्री," म्हणाली. "देवमाणसाने ठेवलेली. मला कधी उलटून एक चापट मारता आली नाही गं. तू मारायचीस तेव्हा बरं वाटायचं."

कोट उकळत्या पाण्यात घातलाय. उन्हात कडकडीत वाळला की नव्या बॅगेत भरणार. पहिला ठोसा आईचा.