सीतादहीचा फेस्टिव्हल

५ नोव्हेंबर २००६, यवतमाळ

आर्णीकडे कापसाची वेचणी सुरू झाली — आमच्या वार्ताहर उमेराने शेतातून फोन करून पक्कं सांगितलं. आधी बायांनी सीतादही केली. पऱ्हाटीखाली दगड मांडून दही-भाताचा निवद, मगच बोंडाला हात. भाव पडलेला, तरीही. वेचणाऱ्या बायांतल्या हंसाबाई तिला म्हणाल्या, "भाव सरकार ठरवते, पोरी. निवद आम्ही ठरवतो."

काय वाक्य आणलं पोरीने! तसंच पुण्याच्या डेस्कला पाठवलं.

६ नोव्हेंबर

छापून आलं — 'आर्णीत रंगला कॉटन फेस्टिव्हल'. पऱ्हाटीचं 'कॉटन प्लांट' केलंय. प्राइसचा इश्यू असूनही महिलांनी एन्जॉय केलं म्हणे. हंसाबाईंचं वाक्य गायब. खाली नाव उमेराचं.

डेस्कला फोन केला. सीतादही वाचकांना 'रिलेट' होत नाही, असं उत्तर मिळालं. इंग्रजीशी माझं वैर नाही. बस, ट्रॅक्टर, डेडलाइन आपलेच झालेत. तथापि, निवदाला फेस्टिव्हल म्हणणं म्हणजे निव्वळ आळस.

७ नोव्हेंबर

नागपूरहून एकाने विचारलं, फेस्टिव्हलचे स्टॉल कुठे लागलेत? मी हसलो. उमेरा हसली नाही.

८ नोव्हेंबर

उमेरा हंसाबाईंकडे जाऊन आली. सुनेने त्यांना बातमी वाचून दाखवली होती. त्या एवढंच म्हणाल्या, "आम्ही काय तिथं तमाशाले गेलतो? आता येऊ नको लिहाले."

ऑफिसात येऊन तिने तडक दुरुस्ती लिहिली. शेवटी — ही छापा, नाहीतर यापुढे माझं नाव छापू नका. मी म्हटलं, नोकरी जाईल. "जाऊ द्या सर. उद्या कोणाच्या बांधावर कोणत्या तोंडानं जाऊ?"

एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाच्या कॉपीला माझा पेन लागला नाही. तिच्या सहीखाली माझी सही केली.

९ नोव्हेंबर

आली! पहिल्या पानावर. पऱ्हाटी, निवद, हंसाबाईंचं वाक्य — सगळं जागच्या जागी. सीतादही म्हणजे काय, तेही तिने एका ओळीत सांगितलंय. संध्याकाळी हंसाबाईंचा निरोप आला: त्या पोरीले चहाले पाठवा.

दिवसभर उगाच छाती काढून हिंडलो.

११ नोव्हेंबर

संपादकांचा फोन. विदर्भाचं पान आता उमेराकडे. सोमवारपासून जिल्ह्याची प्रत्येक कॉपी तिच्या हाताखालून जाणार. माझीसुद्धा.

तिने आत्ताच बजावलंय — "सर, तुमचं ते 'तथापि' पहिले कापीन. आर्णीत कोणी बोलत नाही तसं."