तक्रार मान्य आहे, माल पाठवत आहोत

२ फेब्रुवारी

आजपासून रोजनिशी. कारण एकच. या घरात माझं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं कुणी उरलेलं नाही. वही निदान मध्येच उठून गॅस बंद करायला जात नाही.

पहिला संकल्प: रागवायचं नाही. मुळात मी रागीट नाहीच. पंख्यांच्या कंपनीत तक्रार विभागात आयुष्य काढलं. लोकांनी फोनवर काय काय सुनावलं, पण मी एकदाही आवाज चढवला नाही. जो काही चढवला तो घरी येऊन.

दुसरा संकल्प: मागची खोली रिकामी करून हिच्या ताब्यात द्यायची. १ मार्चला हिचा शिवणक्लास सुरू होतोय. इतकी वर्षं दुसऱ्याच्या दुकानात कापड बेतलं, आता स्वतःचं काहीतरी करायचं म्हणते. पाच बायकांनी नावं दिली आहेत. दोन मशिनी आमच्या बेडरूममध्ये चादर पांघरून उभ्या आहेत आणि येता-जाता माझा गुडघा त्यांच्यावर आपटतो. खोलीत आहे तरी काय? चार खोकी. एका रविवारचं काम.

५ फेब्रुवारी

हा रविवार नव्हे, पण त्याबद्दल नंतर.

जगाला वेड लागलंय. मोबाइलवर जाहिरात आली: केळं ठेवायची, केळ्याच्याच आकाराची प्लॅस्टिकची डबी. अरे, निसर्गाने साल कशाला दिली मग? तळपायाची आग मस्तकात गेली. लगेच मागवली.

ही म्हणाली, आवडली नाही तर घेऊ नका म्हणजे झालं. हिला सिस्टिम कळत नाही. वस्तू घेतल्याशिवाय बिल मिळत नाही, बिलाशिवाय तक्रार करता येत नाही. मी वापरायला घेत नाही. मी समाजाच्या वतीने घेतो.

८ फेब्रुवारी, सकाळ

डबी आली. केळं बसेना. डबी डावीकडे वाकलेली, केळं उजवीकडे. हिने केळं फिरवून धरलं आणि बसवून दाखवलं. मी म्हणालो, प्रश्न तो नाहीच. मग प्रश्न काय आहे, असं तिने विचारलं नाही. आत निघून गेली.

कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. शेवटी आमच्या ऑफिसातलं आवडतं वाक्य: योग्य ती कार्यवाही त्वरित व्हावी. पैसे परत मागितले नाहीत. पैशासाठी भांडणारी माणसं वेगळी. मला चुकीची कबुली पाहिजे.

१२ फेब्रुवारी

कंपनीचं उत्तर. 'आपली तक्रार मान्य आहे.' वा. हिला वाचून दाखवलं. लेकीला फोन लावून वाचून दाखवलं. ती म्हणाली, बाबा, आईची खोली झाली का रिकामी? विषय काय चाललाय, ही विचारते काय. आईवर गेलीय.

पत्रासोबत दुसरी डबी पाठवलीय. ही उजवीकडे वाकलेली. पहिली टाकून देऊ का, हिने विचारलं. मी समजावलं की केस चालू असताना पुरावा हलवायचा नसतो. आणि खोकं तर मुळीच टाकायचं नाही. मूळ खोकं आहे का, एवढ्या एका प्रश्नावर मी किती लोकांना परत पाठवलंय. मला कोण परत पाठवतो ते बघतोच.

दोन्ही डब्या, दोन्ही खोकी मागच्या खोलीत ठेवली. तात्पुरती.

१४ फेब्रुवारी

त्याच कंपनीची नवी थेरं: डोंगरावरची शुद्ध हवा, डबाबंद. उघडून नाक लावायचं. लोक पैसे मोजून हवा विकत घेतायत आणि पाण्याचा नळ गळतोय तो कुणी दुरुस्त करत नाही. (आमचाच नळ. करणार आहे.)

मागवली. उघडली. आत काही नाही. तक्रार केली.

आणखी एक: कचऱ्याचा डबा. झाकण उघडलं की बाईच्या आवाजात म्हणतो, धन्यवाद, अजून काही? ही पटकन त्याला म्हणाली, नाही, राहू दे. माझ्याशी सकाळपासून एवढंही बोललेली नाही. डब्याविरुद्ध वेगळी तक्रार.

१६ फेब्रुवारी

तक्रार मान्य. हवेचा डबा बदलून मिळाला. सोबत सूचना: स्वयंपाकघरात उघडू नये. कचऱ्याचा डबाही दुसरा आला. हा पुरुषी आवाजात बोलतो. दोघांना शेजारी शेजारी ठेवलं तर एकमेकांना अजून काही विचारत राहतात. शेवटी सेल काढून दोघांना मागच्या खोलीत टाकलं.

बागेत गेलो तर लोक उलटे चालतायत. पाठीला चांगलं असतं म्हणे. वरच्या मजल्यावरच्या टीचरबाईसुद्धा. रिटायर झाल्या, एकट्या राहतात, शहाण्या वाटायच्या. हे किती चुकीचं आहे ते दाखवण्यासाठी मीही उलटा चाललो आणि फुलांच्या वाफ्यात बसलो. माळी ओरडला माझ्यावर. उलटं चालणाऱ्यांवर नाही, सरळ माझ्यावर. कंपनी टोपीला लावायचा मागचं दिसणारा आरसा विकते. मागवला. बघू.

१९ फेब्रुवारी

आज हिने मला न विचारता खोकी पॅसेजमध्ये आणून ठेवली आणि हातात टेप घेऊन रिकाम्या कोपऱ्याची मापं काढत होती. मी शांतपणे बोललो. शेजारच्यांनी खिडकी लावून घेतली, त्याचा माझ्याशी काही संबंध नाही.

मी म्हणालो, या खोक्यांना क्रम आहे. ती म्हणाली, मला फक्त खोली द्या. मी म्हणालो, तू माझी बाजू समजूनच घेत नाहीस. ती म्हणाली, बाजू तुमचीच खरी, आता खोली द्या. ही काय मान्य करायची पद्धत झाली? कंपनीकडून शिकण्यासारखं आहे.

खोकी परत आत लावली. चिठ्ठ्या चिकटवल्या. यातच संध्याकाळ गेली.

२१ फेब्रुवारी

राग येत नाही, तरी खबरदारी म्हणून कंपनीची राग काढायची उशी मागवली होती. गुद्दा मारला की गोड आवाजात म्हणते, छान, मोकळे व्हा. मी मारला. छान, मोकळे व्हा. परत मारला. तेच. अरे, मी मोकळा व्हायचं की नाही ते तू कोण ठरवणार? इतका संताप झाला की मनगट मुरगळलं.

डाव्या हाताने तक्रार लिहिली. उशीमुळे राग वाढतो.

२३ फेब्रुवारी

मान्य. 'आपला राग मोठा आहे हे लक्षात घेऊन' दोन उशा पाठवल्यात.

भीक नको पण कुत्रा आवर, अशी वेळ आलीय. खोलीचं दार आता पुरतं उघडत नाही. कुरियरवाला माझ्याच वयाचा माणूस, गुडघे धरून जिना चढतो, म्हणाला, साहेब, दुकान टाकताय का? मी त्याला सगळं तत्त्व समजावून सांगितलं. त्याने पाणी मागितलं.

फरशी पुसायच्या चपलाही आल्यात. त्यांचं नंतर लिहीन, नाहीतर आज जेवण जाणार नाही.

२४ फेब्रुवारी

मास्टर प्लॅन. काल अंथरुणावर पडल्या पडल्या सुचला. एकेक तक्रार करत बसणं म्हणजे किरकोळ काम. सगळ्या वस्तूंची मिळून एकच तक्रार लिहायची, शेवटची, आणि मुदत द्यायची: १ मार्चच्या आत योग्य ती कार्यवाही झाली पाहिजे. कंपनी हादरणार. गाडी पाठवणार, सगळा माल उचलणार. एका फटक्यात खोली रिकामी. चार दिवस खोकी हलवत बसायची गरजच नाही. डोकं लागतं त्याला.

ही म्हणाली, त्यात 'घेऊन जा' असं लिहिलंय का? स्पष्ट? मी हसलो. मुरलेल्या माणसाच्या भाषेत असं उघडउघड लिहीत नसतात.

२६ फेब्रुवारी

जिंकलो. कंपनीचं पत्र: 'आपल्या सर्व तक्रारी मान्य आहेत. १ तारखेला सकाळी आमची गाडी येईल.'

हिला दाखवलं. तिने पत्र हातात घेऊन स्वतः वाचलं. गाडी येणार, हे दोनदा म्हणाली. मग कितीतरी दिवसांनी माझ्याशेजारी बसून चहा प्यायली. दारावर लावायची पाटी तिने आधीच रंगवून घेतली होती, ती कपाटातून काढून दाखवली. निळ्या अक्षरात 'शिवणवर्ग', खाली तिचं नाव. अक्षरं जरा वाकडी आहेत असं म्हणणार होतो. नाही म्हणालो. संकल्प पाळणं म्हणजे हे.

ती म्हणाली, पहिल्या दिवशी नुसतं सरळ कापायला शिकवणार. तेच सगळ्यात अवघड असतं. मग बराच वेळ काय काय सांगत होती. मी पत्र फाइलला लावलं.

१ मार्च, सकाळी नऊ

सगळं तयार. मनगट बरं आहे. ही नवी साडी नेसलीय. पाटी लागली. पाची बायका कात्र्या घेऊन वेळेवर आल्या, जिन्यात उभ्या आहेत. मी त्यांना म्हणालो, पाच मिनिटं, गाडी आली की खोली तुमची.

दुपार

शांतपणे लिहितो.

गाडी आली. माल न्यायला नाही. आणायला. प्रत्येक वस्तूच्या बदल्यात नवी वस्तू. बदल्यात आलेल्याच्याही बदल्यात नवी. वर माझ्या नावाचं एक पत्र: आमचे सर्वांत जागरूक ग्राहक. खोकी जिन्यापर्यंत लागली. बायका भिंतीला चिकटून उभ्या.

कुरियरवाला म्हणाला, साहेब, नको असेल तर सही करू नका, मी आहे तसं परत घेऊन जातो. चांगला माणूस आहे. मी कागद वाचला. माल नाकारल्यास तक्रार मागे घेतली असे समजण्यात येईल, असं खाली बारीक अक्षरात होतं.

आता सांगा. मागे घेतली असं समजणार. म्हणजे इतके दिवस मी खोटं बोलत होतो? केळं बसत नव्हतं हे खोटं? डब्यात हवा नव्हती हे खोटं? एक सही टाळायची म्हणून माणसाने आयुष्यभराची अब्रू घालवायची?

ही दारात उभी होती. म्हणाली, नका करू सही. एवढंच. आवाज न चढवता.

मी म्हणालो, तत्त्वाचा प्रश्न आहे.

सही केली.

 माझी तयारी होती, उत्तरं होती, पण ती भांडलीच नाही. खोक्यांवरून साडी सावरत बाहेर पडली. त्या उलट्या चालणाऱ्या टीचरबाई गडबड ऐकून खाली आल्या होत्या. म्हणाल्या, माझा हॉल रिकामाच असतो, या सगळ्याजणी वर. सगळ्याजणी वर गेल्या. ही शेवटी. जाताना पाटी काढून काखेत घेतली.

२ मार्च

दोन्ही मशिनी वर गेल्या. एक पाच जणींनी मिळून नेली, दुसरी कुरियरवाल्याने पाठीवर. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे कधी असा आला नाही, नुसत्या सह्या घेतल्या. चोर सगळे.

बेडरूममध्ये जागाच जागा झालीय. गुडघा आपटत नाही. चांगलंच झालं.

४ मार्च

घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. लेकीला फोन केला, सगळं पहिल्यापासून सांगितलं. ती म्हणाली, आईने पहिल्या दिवशी काय शिकवलं? मला काय माहीत. सरळ कापायला, बहुतेक. मग ती म्हणाली, ठेवते बाबा.

वरून मशिनींचा आवाज येतो. मधूनच सगळ्या हसतात. छतावर काठी आपटणार होतो. आपटली नाही, कारण हिचं हसणं त्यात ओळखू येत होतं आणि मी ते ऐकत राहिलो. घरात हसते तेव्हा असं नसतं. किंवा घरात हसतच नसेल, आठवत नाही.

७ मार्च

नळ दुरुस्त केला. सांगायला कुणी नव्हतं.

कंपनीला पत्र लिहायला बसलो. माझी काही तक्रार नाही, सगळं घेऊन जा, असं स्पष्ट लिहायचं ठरवलं. पहिली ओळ जमेना. पत्र तसंच राहिलं. उद्या.

९ मार्च

दोन दिवस अंग मोडून काम केलं. कुरियरवाल्याला बोलावून घेतलं आणि सगळी खोकी त्याच्या गाडीत घातली. कुठे नेशील ते ने, म्हणालो. पावती मागितली नाही. तो माझ्याकडे बघतच राहिला. फरशी मी स्वतः पुसली, हाताने.

मग वर गेलो. टीचरबाईंच्या हॉलमध्ये ही गळ्यात टेप घालून उभी होती आणि एका बाईच्या कात्रीवर हात ठेवून सरळ रेषेत कापत होती. सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. काही काम होतं का, हिने विचारलं.

मी म्हणालो, मागची खोली रिकामी झाली. पूर्ण. दार सताड उघडतं. तिने मान हलवली. बरं झालं, म्हणाली. मी म्हणालो, मग तिचं काय करू या? इथे आता घडी बसलीय, म्हणाली, त्या खोलीचं तुम्हाला हवं ते करा. चेष्टेने नाही, टोमण्याने नाही. कुणा ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं नीट बोलली आणि परत कात्रीकडे वळली.

खाली आलो. रिकाम्या खोलीत खुर्ची टाकून हे लिहितोय. एकदा तरी ओरडायला हवी होती माझ्यावर.