भाल्याचं सरळ भोक

मंगळवार, संध्याकाळ

पूजाचा भाला आज खरंच रुतला का? पटत नाही. परवापर्यंत तो आडवाच पडायचा, म्हणजे फेक बाद. मी पाठमोरा, लहान पोरींना पकड दाखवत होतो. तेवढ्यात रेश्मा भाला उपसून घेऊन आली. "सर, रुतला व्हता." रेश्मा म्हणजे पूजाची जिवाभावाची मैत्रीण. मला शंका आलीच.

जाऊन भोक बघितलं. अगदी सरळ. फेकलेला भाला तिरका घुसतो, हातानं रोवलेला सरळ. सगळ्यांसमोर म्हणालो, "लबाडी केलीस. तालुक्याच्या स्पर्धेच्या यादीतून तुझं नाव काढतो."

"न्हाय सर, म्या फेकलाय," एवढंच म्हणाली. रडली नाही. त्याचाही मला संशयच आला.

शाळा सुटल्यावर राहवेना. स्वतः चार वेळा फेकला. चारही वेळा काळ्या मातीत तिरका घुसला. उपसून बघितलं तर चारही भोकं सरळ.

भाला आधी उभा करायचा, मगच वर ओढायचा, नाहीतर मागे उभ्या पोरीच्या डोळ्यात भाल्याचं शेपूट जाईल. हे पोरींना मीच शिकवलंय. उभा करताना तिरकं भोकही सरळ होतं.

मग रेश्मानं रोवला, की नुसता उपसला? भोक काहीच सांगत नाही. बघायचं काम माझं होतं, आणि मी पाठमोरा होतो.